कराटेवाला मातीत उतरला आणि कान सुजला. दोन्ही चालू ठेवावं का?

हळदीचा_कारकून (सांगली)

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, आधीच सांगतो.

वय ३९, वजन ७४. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. आठवीपासून शोतोकान कराटे. ब्लॅक बेल्ट मिळून सतरा वर्षं झाली. रविवारी सकाळी वीस-बावीस पोरांना शिकवतो, म्हणजे आठवड्यातले दोन तास मी 'सर' असतो.

मे महिन्यात शेजारचा पोरगा गच्चीवर आला. अकरावीतला, ६१ किलोचा, तालमीत जातो. म्हणाला, "काका, तुमचं कराटे दाखवा की." मी झेनकुत्सु घेतला, पुढचा पाय लांब टाकून वाकवतात तो पवित्रा. डावी मूठ पुढं, उजवी कमरेला. त्यानं खाली वाकून तो पुढचा पाय दारातली चप्पल उचलावी तसा उचलला. मी वाळत घातलेल्या कुरडयांवर. बायको दोन दिवस बोलली नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागेना.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याच्याबरोबर तालमीत गेलो. वस्तादांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फावडं हातात दिलं. आठ दिवस नुसता हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, खणला. वर बैठका. आम्ही किबादाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, दहा-दहा मिनिटं उभे राहणारे, मांड्या तयार असतील असा माझा समज होता. चौथ्या दिवशी पेढीच्या गादीवरून उठताना दिवाणजींचा हात धरावा लागला. मातीत ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद घालतात. हळद मी नेली, पाच किलो राजापुरी. त्यानंतर वस्ताद माझ्याशी दोन वाक्यं जास्त बोलायला लागले.

आता अडचण. वीस वर्षांची सवय मोडत नाही. समोरचा आला की एक हात आपोआप कमरेला जातो आणि पुढचा पाय लांब पडतो. तालमीतली पोरं त्याला 'काकांचा प्रसाद' म्हणतात. उलट रविवारी काता (कराटेतल्या ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना मी पुढं झुकलेला असतो. एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, पाठ दुखतीय का?" दोन्हीकडं अर्धवट होतोय असं वाटतं.

दुसरं म्हणजे मंगळवारी लढतीत डोक्याला डोकं घासून डावा कान सुजलाय. भज्यासारखा. दाबला की आत पाणी असल्यासारखं लागतं. पोरं खूश, "काका, आता तुम्ही आमच्यातले." खोटं कशाला बोलू, मलाही जरा बरं वाटलं. बायको म्हणते, असला कान घेऊन पालकसभेला येऊ नका.

मैदान मारायचं वगैरे डोक्यात नाही. पण सोडवतही नाही. काय करू?

मिरजेचा_फिजिओ

मंगळवारी सुजला म्हणताय आणि आज गुरुवार. हे वाचून झालं की मोबाईल ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. गंमत करत नाही.

कानाच्या आत कूर्चा असते, तिला रक्त मिळतं ते वरच्या पातळ आवरणातून. घासून-दाबून ते आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधे रक्त साठतं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टर ते काढतात आणि पुन्हा साठू नये म्हणून दाबपट्टी बांधतात. उशीर झाला की तिथं कडक गाठ धरते, मग कान कायमचा मोडका. घरी सुई घालायची नाही. तालमीत कुणीतरी 'मी काढतो' म्हणणारा असतोच, त्याला नमस्कार करा आणि निघा. कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर फार महागात पडतं. डॉक्टर सांगतील तोवर लढत बंद. नंतर कानटोप वापरा, पोरं हसली तर हसू देत.

आणखी दोन गोष्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा, मातीत खरचटणं रोजचं आहे. आणि लंगोट, टॉवेल कुणाचा घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. माझ्याकडं निम्मे पैलवान गुडघ्यासाठी येतात आणि जाताना नायटा दाखवतात. मेडिकलमधून मिळेल ती ट्यूब लावतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, नायटा पसरतो.

कवठेपिरानचा_पावना

पावनं, वय माझं ६३. मोडके कान दोन्ही. ऐकू चांगलं येतंय, काळजी नसावी. फिजिओ सायेब बराबर सांगत्यात. आमच्या टायमाला ह्ये कुणी सांगितलं न्हाई, आन सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

सवयीचं म्हणाल तर, हात कमरंला नेणारा माणूस कुस्तीत आंधळा. हात म्हंजी डोळं. पयला म्हैना डावबिव इसरा. धोबीपछाड, कलाजंग ह्ये बघायला ग्वाड. तुमी नुसती खडाखडी करा, म्हंजी उभ्या उभ्या धरपकड. मनगट धरा, सोडवा, मान धरा, सोडवा. आन पाय लांब टाकू नका. गुडघ्याच्या फुडं गेलेला पाय दुसऱ्याचा, एवढं ध्यानात ठेवा.

येक इचारतो. त्या ६१ किलोच्या पोराबरबर रोज धरताय का? १३ किलोचा फरक हाय म्हणून तुमी जोर लावत असणार. जोरानं सुटायची सवय लागली की डाव येत न्हाई. तुमच्यापेक्षा जड जोड बघा.

गोळेश्वर_नाका (कराड)

थोडं विषयांतर. दोन्हीकडं अर्धवट म्हणताय, तर आमच्या खाशाबा जाधवांचं बघा. मातीत वाढलेले पैलवान. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट वजनगटात सहावे. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटला कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधे चार वर्षं आहेत. तुम्हाला किती झाले, तीन महिने?

सातारची_जुदोवाली

मी जुदो शिकवते, म्हणून मला वेगळीच काळजी वाटली. गच्चीवर पडलात तेव्हा हात मागं टेकलात का? कराटेवाले हमखास टेकतात. मनगट नाहीतर गळ्याचं हाड जातं. आमच्याकडं नवीन पोरीला पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतो, उकेमी. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात उताणा टेकायचा नाही, अख्खा हात बाजूला आपटायचा. ३९ व्या वर्षी हे आधी शिका. तालमीत हे कुणी शिकवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

कवठेपिरानचा_पावना

ताई, राग मानू नका. पाठ टेकली की कुस्ती गेली. पडायला शिकवायचं म्हंजी चितपट व्हायला शिकवायचं. आमचा गडी हवेतच वळतो आन पोटावर येतो. त्येच आमचं पडणं.

सातारची_जुदोवाली

काका, मैदानात बरोबर आहे तुमचं, तिथं वळलंच पाहिजे. पण हवेत वळायला अठरा वर्षांची कंबर लागते. यांना सोमवारी पेढीवर बसायचंय. वळता आलं तर वळा, नाही जमलं तर नीट पडा. हरलात तर माती झटकून उठाल. खांदा गेला तर सहा महिने हिशेब डाव्या हातानं लिहाल.

कवठेपिरानचा_पावना

ह्ये मातूर खरं. माझा उजवा खांदा अजून वर जात न्हाई. वळतानाच गेला हुता.

हळदीचा_कारकून (सांगली)

सगळ्यांचे आभार. त्याच दिवशी गेलो होतो. डॉक्टरांनी रक्त काढलं, पट्टी बांधली, दोन आठवडे लढत बंद. पालकसभेला मुंडासं बांधल्यासारखा गेलो. मुलीच्या बाईंनी विचारलं, "अपघात झाला का?" मुलगी म्हणाली, "नाही, दहावीच्या दादानं पाडलं." (अकरावीचा आहे तो. पण वर्गात ते दुरुस्त करून काय उपयोग.)

जुदोवाल्या ताई, रविवारी पोरांना पडायचं शिकवलं, तुम्ही लिहिलं तसं. आधी स्वतः घरात गादीवर शंभर वेळा पडलो. खालचे भाडेकरू वर येऊन गेले. वस्तादांना सांगितलं तर पावन्यांसारखंच बोलले, अगदी शब्दाला शब्द. मग थोड्या वेळानं म्हणाले, "ती बारकी पोरं हाईत न्हवं, त्यास्नी दाखव ये मंगळवारी. मोठ्यास्नी नको."

तोवर हौदा खणतोय. ८२ किलोचा एक जोडही मिळालाय, दूध संघाचा टेम्पो चालवतो. पट्टी सुटली की धरू म्हणालाय. लंगोट अजून मला नीट बांधता येत नाही, शेजारचा पोरगाच बांधून देतो.