फुकटातली जुनी पुस्तकं नव्या लेखकाच्या मुळावर?

नौपाडेकर
माझा पहिला कथासंग्रह आला, किंमत 250. राम मारुती रोडवर एक ओळखीचे भेटले. म्हणाले, "अरे, हरिभाऊ आपटे, गडकरी मोबाईलवर फुकट मिळतात. तुझ्यावर अडीचशे कशाला घालू?" आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी. प्रदर्शनात त्या स्वस्त थप्प्या पुढे, आम्ही मागे, पंख्याखाली. ही स्पर्धा नाही तर काय?

वाशी_सेक्टर_नऊ
दादा, ज्याला अडीचशे सोडवत नाहीत तो कारण शोधतोच. त्यांनी हरिभाऊंचं एक तरी पान उघडलंय का, विचारा.

तलावपाळीचा_कट्टा
फुकटात वाचणं ठाण्याला नवं आहे का? मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. नाममात्र वर्गणीत मी तिथे जुनं ते सगळं वाचलं, म्हणून आज नवं विकत घेतो. तुमचंही घेईन.

नौपाडेकर
ग्रंथालय निदान एक प्रत विकत घेतं हो! आणि पैशाचं सोडा, वेळेचं काय? ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमधला तासभर, तो एकाच पुस्तकाला मिळतो.

वाशी_सेक्टर_नऊ
तो तास रील्सनी कधीच खाल्लाय. बिचाऱ्या हरिभाऊंवर आळ नको.

ऐरोलीची_मुद्रितशोधक
दोघेही वाचकावरून भांडताय. वीस वर्षं प्रुफं तपासतेय, म्हणून सांगते: खरी मारामारी प्रकाशकाच्या टेबलावर आहे. हक्क संपलेल्या पुस्तकाला मानधन द्यावं लागत नाही, नाव आधीच घरोघरी माहीत, शाळांच्या बक्षिसांना खपतं. तेवढ्याच कागदात नवा माणूस छापायचा तर त्यालाच म्हणतात, "शंभर प्रती तुम्ही उचला." 1 जानेवारी 2030 ला अत्रे आणि अण्णा भाऊ साठे एकदमच खुले होतील. तेव्हा बघा छापखाने. (अण्णा भाऊ स्वस्तात गल्लोगल्ली पोचले तर मला आनंदच होईल, ते वेगळं.)

तलावपाळीचा_कट्टा
मग काय, मुदत वाढवायची? रवींद्रनाथांचे हक्क संपत आले म्हणून 1992 च्या दुरुस्तीने 50 ची 60 केलीच. त्यात कुठल्या नव्या लेखकाची दुसरी आवृत्ती निघाली?

नौपाडेकर
मुदतीचं मी बोललोच नाही. शंभर प्रतींचं मात्र बरोबर बोललात ताई. माझ्या पलंगाखाली 64 उरल्यात.

तलावपाळीचा_कट्टा
63 धरा. शनिवारी येतो.