मदत हवी आहे : हिपॅटायटिस बी, नवजात बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना आहे आणि तिची एचबीएसएजी तपासणी (हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली आहे. बाळंतपण गडहिंग्लजला, माहेरीच. बाळाला 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस सरकारी दवाखान्यात मिळेल, पुढचे 6, 10, 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीमधून. त्याची चिंता नाही. पण इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन शक्यतो 12 तासांत द्यावं लागतं, आणि ते आमच्या मेडिकलवाल्याकडे नाही. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर धावायचं कुठे? कोल्हापुरात किंवा बेळगावात कुणाला मिळालं आहे का? आधीच आणून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवू देतात का?

दुसरं, सासरचे तिचं ताट वेगळं करायला निघालेत. हा आजार जेवणातून पसरत नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, हे वडीलधाऱ्यांना कसं पटवलंत, तेही कृपया सांगा.