ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला काय द्यावं: अंतरा, छाया की तांबी?

उपकेंद्र, शहादा तालुका
बाई २४ वर्षांची, दोन मुलं. धाकटं आठ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परत. तिला अंतराच (तीन महिन्यांनी घ्यायची गर्भनिरोधक सुई) हवी आहे. सासू म्हणते, पाळी थांबली तर "रंगत कोठे जास?" (रक्त कुठे जातं?) आणि पुढचा डोस नेमका फडावर असताना येतो. छाया (गर्भनिरोधक गोळी) सुचवू का? हिमोग्लोबिन ९ आहे.

जुनी सिस्टर, धडगाव
ताई, आधी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का ते बघा. नंदुरबारात हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. सिकलसेल असला तरी अंतरा चालते. तांबीने (कॉपर-टीने) पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, ९ वर मी स्वतःहून तिचा आग्रह धरणार नाही. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. फडावर वार कोण लक्षात ठेवतं?

सासूला मी चित्रंबित्रं दाखवत नाही. विचारते, मूल अंगावर पीत होतं तेव्हा तुमची पाळी किती महिने बंद होती? तेव्हा रंगत कुठे गेली? मग सांगते, पिशवीत अस्तरच नीट धरलं नाही तर जाणार काय! मात्र अधूनमधून डाग लागतील हे आधीच सांगा, नाहीतर दुसरी सुई घ्यायला बाई येत नाही.

डोस तीन महिन्यांनी, पण चार आठवडे उशीर चालतो. तारखेसोबत "शिवरात्रीच्या आत" असंही सांगा. अंतराचं कार्ड तिच्याजवळ द्या, ते दाखवून तिकडच्या सरकारी दवाखान्यात फुकट घेता येईल. मुकादमाच्या फोनवर आठवण पाठवू नका, सगळ्या टोळीत होतं. आणि सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही.

डॉक्टर, धुळे
सिस्टरशी सहमत. मूल सहा महिन्यांच्या पुढे गेलंय, दिवस राहू नयेत म्हणून नुसत्या अंगावर पाजण्याचा भरवसा नाही. आधी युपीटी (दिवस गेलेत का याची लघवीची तपासणी) करा, बीपी बघा. तिसरं मूल हवं झालं तर शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही तिला आजच कळू द्या.

उपकेंद्र, शहादा तालुका
युपीटी आणि सिकलसेल दोन्ही निगेटिव्ह, बीपी ठीक. अंतरा दिली, लोहाच्या गोळ्याही. सासू जाता जाता विचारून गेली, पोरासाठी नाही का असं काही?

जुनी सिस्टर, धडगाव
आहे की, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. दोनच पुरे असं दोघांचं ठरलं असेल तर आखाजीनंतर घेऊन या म्हणा. त्यानंतरही तीन महिने निरोध लागतो, ते मात्र त्याच्या समोर बसून सांगा.