गोळाफेक : ४५ अंशांचा कोन खरोखरच सर्वोत्तम असतो का?

क्रीडाशिक्षक_अमळनेर (प्रश्न)

नमस्कार. अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. फेकलेली वस्तू ४५ अंशांच्या कोनात सोडली की सर्वांत दूर जाते, म्हणून मुलांनी गोळाही त्याच कोनात सोडावा, असे आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. चित्रफिती पाहताना मात्र नामवंत खेळाडूंचा गोळा त्याहून खालच्या कोनात सुटताना दिसतो. आमची मुले ५ किलोचा गोळा साधारण नऊ-दहा मीटर टाकतात. यामागचे शास्त्र काय आहे आणि सरावात नेमका कशावर भर द्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

गतिशास्त्र_जळगाव

सर, आपल्या सहकाऱ्यांचा नियम बरोबर आहे, परंतु वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडणार असेल तरच तो लागू पडतो. गोळा मुलाच्या हातातून सुमारे १.८ मीटर उंचीवर सुटतो आणि जमिनीवर पडतो. या उंचीमुळे त्याला हवेत राहण्यासाठी थोडा जादा वेळ मिळतोच, त्यामुळे तेवढ्यासाठी कोन वाढवण्याची गरज उरत नाही. सुटतानाचा वेग सेकंदाला ९ मीटर धरला, तर गणिताने सर्वोत्तम कोन सुमारे ४० अंश येतो आणि अंतर ९.९० मीटर भरते. त्याच वेगाने ४५ अंशांत सोडलेला गोळा ९.७९ मीटरवर आणि ३५ अंशांत सोडलेला ९.८० मीटरवर पडतो. म्हणजे कोन पाच अंशांनी इकडेतिकडे झाला, तरी नुकसान जेमतेम १० सेंटिमीटरचे होते.

आता वेगाचे पाहा. कोन ४० अंशच ठेवून वेग ९ वरून ९.५ झाला, तर गोळा १०.८६ मीटरवर जातो; अर्ध्या मीटरच्या वाढीव वेगाने जवळपास ९५ सेंटिमीटर मिळतात. भारताचे गोळाफेकपटू तजिंदरपालसिंग तूर यांनी २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे २१.७७ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला, त्या अंतरासाठी गोळ्याला सेकंदाला सुमारे १४ मीटर वेग लागतो. एवढ्या वेगाला गणिती कोन ४२ अंशांच्या आसपास येतो, तरीही या दर्जाचे खेळाडू साधारण ३५ ते ३८ अंशांतच गोळा सोडतात. गोळा जितका वरच्या दिशेने ढकलावा तितके बल त्याच्या वजनावर मात करण्यात खर्च होते, शिवाय खांदा आणि छातीचे स्नायू समोर ढकलताना जेवढे जोरकस असतात तेवढे वर ढकलताना नसतात. त्यामुळे कोन वाढवला की वेगच घटतो.

हा वेग येतो कुठून, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. ५ किलोच्या गोळ्याला ९ मीटरचा वेग देण्यासाठी सुमारे २०० ज्यूल ऊर्जा लागते. केवळ हात सरळ करून, म्हणजे ६५ सेंटिमीटर अंतरात ती द्यायची, तर गोळ्याचे वजन धरून सरासरी ३४० न्यूटन बल लावावे लागेल, जे शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तीच ऊर्जा पाय आणि धडाचाही जोर लावून १.६ मीटरच्या मार्गावर दिली, तर १६० न्यूटनच्या आत काम भागते. हाच मार्ग २० सेंटिमीटरने लांबवला आणि बल तेवढेच ठेवले, तर वेग ९.५ मीटरपर्यंत पोहोचतो. (ग्लाइडमध्ये, म्हणजे फेकीआधी वर्तुळात मागून पुढे सरकताना, आधीच मिळालेला वेग या हिशेबात धरलेला नाही.)

तापीकाठ

वरील गणिताशी मी सहमत आहे, परंतु नवशिक्या मुलांच्या बाबतीत कोनाकडे पूर्ण दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते. नवीन मुलगा अनेकदा २५ अंशांतच गोळा सोडतो, आणि तिथे तोटा १० सेंटिमीटरचा राहत नाही. त्याचे कारण बहुधा हातात नसून पायांत असते. रावेर-यावलकडे केळीचा घड उचलणारा मजूर आधी गुडघ्यांत वाकतो आणि पायांच्या जोरावर उभा राहतो. गोळा टाकतानाही पाय सरळ होत गेले, तर गोळ्याची दिशा आपोआप वर वळते. म्हणून ‘वर टाक’ असे ओरडण्यापेक्षा ‘पायाने उठ’ असे सांगणे मला अधिक उपयोगी वाटते.

क्रीडाशिक्षक_अमळनेर

दोघांचेही आभार. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. त्याचा परिणाम होतो का? आणि मुलांचा वेग मोजण्याचा एखादा स्वस्त उपाय आहे का?

गतिशास्त्र_जळगाव

परिणाम निश्चित होतो. मुलगा पायाने जमिनीला मागे आणि खाली रेटतो, तेव्हा जमीन त्याला तेवढ्याच बलाने पुढे आणि वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम इथे अक्षरशः पायाखाली असतो. काळी माती पावसाळ्यात निसरडी होते, तेव्हा घर्षण घटते, पाय घसरतो आणि तिरपा रेटा देताच येत नाही. माती भुसभुशीत असेल, तर ऊर्जेचा काही भाग ती दबण्यातच जातो. शक्य असल्यास २.१३५ मीटर व्यासाचे काँक्रीटचे वर्तुळ करून घ्यावे. तोपर्यंत मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेतलेली जागाही चालते. गोळा हातातून सुटण्यापूर्वीच मूल उडी मारत असेल, तर जमिनीचा हा आधार ऐन वेळी तुटतो, याकडेही लक्ष ठेवावे.

वेगासाठी मोबाइल पुरेसा आहे. फेकीच्या दिशेला काटकोनात, कंबरेच्या उंचीवर तो स्थिर ठेवावा आणि गोळा जिथून जाणार त्याच रेषेत एक मीटरची पट्टी उभी धरून तिचेही चित्रण घ्यावे. सेकंदाला ६० चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रणात ९ मीटर वेगाचा गोळा दर चौकटीला १५ सेंटिमीटर सरकतो. सुटल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच चौकटीच मोजाव्यात. त्याच बिंदूंमधून रेषा ओढली की कोनही मिळतो.