ऑनलाइन दिसलेली दगडी हातकुऱ्हाड घ्यावी का?

दगडप्रेमी_नागपूर:
नमस्कार मंडळी, एका साइटवर अश्मयुगातली हातकुऱ्हाड विकायला दिसली. क्वार्टझाइट या कठीण दगडाची आहे, तळहाताएवढी, एका टोकाला निमुळती. फोटो झूम करकरून बघतोय, लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी मुठीत धरलेली वस्तू आपल्या मुठीत येणार या विचारानेच जीव कासावीस होतो. विकणारा म्हणतो ‘मध्य भारतातली’, बाकी काही सांगत नाही. अस्सल कशी ओळखायची?

धरमपेठकर:
कपचे बघ. दगडाने ठोकून काढलेल्या कपच्याला ठोक्याखाली बारीक फुगवटा असतो आणि मूळ दगडावर त्याचाच खोलगट व्रण राहतो. हातकुऱ्हाडीत असे व्रण दोन्ही बाजूंनी येऊन धारेवर मिळतात. नदीत आपटलेला दगडही फुटतो पण असा शिस्तीत नाही. अर्थात हे सगळं नकलेतही जमतं, १९ व्या शतकात इंग्लंडमधल्या ‘फ्लिंट जॅक’ने स्वतः घडवलेली हत्यारं म्युझियमांनासुद्धा विकली होती, मग फोटोवरून काय कळणार?

मातीचा_माणूस:
भाऊ, घेऊ नको. एक तर शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिचा धंदा करायला लायसन्स लागतं. पण मला जास्त त्रास त्या ‘मध्य भारतातली’चा होतो. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूटना मे १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला मुरमात असंच हत्यार सापडलं, जागा नोंदवलेली होती म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय. त्याच वर्षी त्यांना अत्तिरंपक्कम हे अश्मयुगातलं ठिकाण सापडलं आणि तिथली हत्यारं सुमारे १५ लाख वर्षं जुनी हे पुढे कळलं ते कशावरून, तर ती मातीच्या कुठल्या थरात होती त्यावरून. थरातून उपटून बाजारात आणलेला दगड कितीही देखणा असो, त्याचं वय गेलं, सोबतची हत्यारं गेली, सगळं गेलं. आणि आपण घेतो म्हणूनच लोक उपटतात ना! कुठे काही दिसलं तर हात न लावता स्केल ठेवून फोटो काढ, लोकेशन टिप आणि कळव, पुरातत्त्व खात्याची प्रागैतिहास शाखा आपल्या नागपुरातच आहे.

दगडप्रेमी_नागपूर:
पटलं, नाही घेत. पण हातात धरायची ओढ काही जात नाही हो.

धरमपेठकर:
मग स्वतः घडव की! चर्टचा, म्हणजे फुटल्यावर धार येणाऱ्या कठीण दगडाचा गोटा घे, नदीतला गोल दगड हातोडा म्हणून वापर आणि कडेवर तिरका ठोका मार. पहिला नीट कपचा निघाला की कळतं त्या माणसाला दगडाची किती जाण होती. फक्त जुन्या जागेवर बसून करू नको, तुझे कपचे तिथल्या कपच्यांत मिसळतील. आणि गॉगल लाव, कपचे थेट डोळ्यावर उडतात.