नोरा औनोर: सुरुवात कुठून करावी

फिलिपिनो अभिनेत्री नोरा औनोरबद्दल कुणीतरी लिहिलंय की ती मूळची गायिका, 'हिमाला' हा चित्रपट सोडला तर अभिनयात फारसं काही नाही. गायिका होती हे खरं. इरिगा गावची गरीब घरची मुलगी, 1967 साली 'तावाग नग तांगहालान' ही गाण्याची स्पर्धा जिंकून पुढे आली. बुटकी, सावळी, गोऱ्या नायिकांची चलती असताना तिने गर्दी खेचली.

पण नुसती गर्दी खेचून ती थांबली नाही. स्वतःच्या एनव्ही प्रॉडक्शन्समधून तिने मारिओ ओ'हारा दिग्दर्शित 'तातलोंग ताओंग वालांग दियोस' (1976) हा चित्रपट काढला आणि त्यातल्या अभिनयासाठी उरियान हा फिलिपिनो समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. दिग्दर्शक लिनो ब्रोकाचा 'बोना' (1980) हाही तिच्याच कंपनीचा. त्यात ती एका फुटकळ नटावर भाळून घर सोडते आणि त्याच्या आंघोळीचं पाणी तापवत बसते. शेवट सांगत नाही, पण त्या पाण्यावर नजर ठेवा!

'हिमाला'पासून (1982) सुरुवात केली की शेवटचं टेकडीवरचं भाषण तेवढं लक्षात राहतं आणि बाई फक्त मोठ्या आवाजाची वाटते. म्हणून आधी 'बोना', मग 'हिमाला', आणि शेवटी दिग्दर्शक ब्रिलांते मेंडोझाचा 'दाय वूम्ब' (2012), ज्यात संवाद अगदी मोजके आहेत. जुन्या फिकट कॉप्या टाळा. 'बोना' आणि 'हिमाला' दोन्हींच्या दुरुस्त केलेल्या प्रती निघाल्या आहेत. अंधाऱ्या प्रसंगांत तिचे डोळे दिसलेच नाहीत तर पाहून उपयोग काय?