मदत हवी आहे: फोर्कलिफ्ट ऑपरेटरना कागदावरचं नाही, खरं प्रशिक्षण कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. भिवंडीत माणकोलीच्या बाजूला एका मोठ्या गोडाऊनमध्ये मी शिफ्ट सांभाळतो. डिझेलच्या फोर्कलिफ्ट, उंच रॅकसाठी रीच ट्रक आणि बॅटरीवरचे पॅलेट ट्रक, एवढ्या गाड्या आहेत. ऑपरेटर सगळे ठेकेदाराचे. बहुतेक पोरं उत्तर प्रदेश-बिहारची, कष्टाळू, हात बसलेला. पण शिकली ती एकमेकांचं बघून. हेल्पर म्हणून लागायचं, जेवणाच्या सुट्टीत गाडीवर बसून हात मारायचा आणि काही महिन्यांत ऑपरेटर व्हायचं.

गेल्या आठवड्यात डॉकवर जे घडलं त्याने माझी झोप उडाली आहे. ट्रकच्या हौद्यातून पॅलेट उचलल्यावर फोर्क (माल उचलायचे पुढचे लोखंडी दात) खाली न घेताच पोराने वेगात गाडी वळवली. आतल्या बाजूचं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. पट्टा लावलेला नव्हता, त्याने उडी मारायला एक पाय बाहेरही काढला. गाडी परत चारी चाकांवर बसली म्हणून निभावलं. चार हातांवर माथाडी कामगार थप्पी लावत होते.

गाडी उलटताना उडी मारणारा बऱ्याचदा डोक्यावरच्या लोखंडी गार्डखालीच चिरडला जातो. पट्टा लावलेला हवा, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. फाइलीत मात्र त्याचं प्रमाणपत्र आहे, फोटोसकट. ठेकेदाराने अर्धा दिवस इंग्रजी स्लाइड दाखवून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

मला हवंय ते असं: मुंबई-ठाण्याकडे हिंदीतून, गाडीवर बसवून शिकवणारं कोण आहे? आणि शिकलेलं फ्लोअरवर उतरलंय का, हे तपासायचं कसं? डिस्पॅचच्या वेळी ‘जल्दी कर’ म्हणून ओरडा सुरू झाला की सगळं हवेत जातं, त्यावर कुणी काही उपाय केला असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद १

दादा, चाकणला बरीच वर्षं सेफ्टी बघितली, त्यावरून लिहितो. बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे आणि शीवला केंद्रीय श्रम संस्था. दोन्हीकडे चौकशी करा, भाषा आणि प्रात्यक्षिक याबद्दल आधीच विचारून घ्या. पण बाहेरचा वर्ग कितीही चांगला असला तरी परीक्षा तुमच्याच गल्लीत, तुमच्याच गाडीवर व्हायला हवी. अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, नियम असाच आहे: आधी वर्ग, मग प्रत्यक्ष सराव, मग कामाच्या जागी मूल्यमापन, आणि दर ३ वर्षांनी ते पुन्हा. अपघात झाला, थोडक्यात वाचला किंवा गाडीचा प्रकार बदलला तर ३ वर्षं थांबायचं नाही, लगेच उजळणी. तुमच्या डॉकवरचा प्रसंग त्यातच बसतो.

पहिला प्रश्न गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीचा विचारा. ‘किती उचलते?’ म्हटलं की पोरगा ‘दो टन’ म्हणेल. ते २ टन वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हाचे. माल लांब असेल आणि मध्य ७०० वर गेला तर तीच गाडी साधारण १,६०० ते १,७०० किलोची होते, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) उंच गेला की आणखी कमी. मग गाडीखाली खडूने त्रिकोण काढून दाखवा: पुढची दोन चाकं आणि मागच्या ॲक्सलचा मध्य. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी कलंडते. इथे भाषा आड येत नाही, मी बघितलंय.

रॅम्पवर भरलेली गाडी चढताना पुढे आणि उतरताना रिव्हर्स घ्यायला लावा, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला राहतो. आणि फोर्कवर माणूस उभा करून वरचा खोका काढायचा प्रकार दिसला तर काम तिथेच थांबवा, डिस्पॅच अडला तरी. ओरडणाऱ्या मॅनेजरलाही त्याच वर्गात बसवा.

प्रतिसाद २

एक महत्त्वाची भर. उडी न मारण्याचा नियम बसून चालवायच्या फोर्कलिफ्टचा. मागून उघडी, उभ्याने चालवायची गाडी कलंडत असेल तर मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं असतं. तुमचे रीच ट्रक कोणते ते बघून, कंपनीचं मॅन्युअल वाचून वेगळं शिकवा. शिवाय बॅटरी चार्जिंगची जागा विसरू नका. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवा खेळती हवी, आसपास बिडी-सिगारेट अजिबात नको.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. उभ्याने चालवायच्या गाडीचा मुद्दा मला माहीत नव्हता, आमचे दोन रीच ट्रक तसेच आहेत. उद्या रात्रपाळीच्या आधी खडूचा त्रिकोण काढतोय. मॅनेजरसाहेबांशीही बोललो, ते बसायला तयार आहेत. अडचण उरते ती ठेकेदाराची: तो न सांगता माणूस बदलतो आणि नवा पोरगा थेट गाडीवर दिसतो. म्हणून तपासणी झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, असं ठरवतोय. असा हिंदीतला तपासणी तक्ता कुणी वापरत असेल तर कृपया इथे टाका.